नेरुरकरसाहेबांची खुडूक कोंबडी

नेरुरकरसाहेब कोंबडीला 'अहो' म्हणतात.

सकाळी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते ऐकू येतं. "अहो, उठा. उठा आता. पुष्कळ बसलात." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्याकडे कुणी पाहुण्या बाई उतरल्या असाव्यात आणि जरा जास्तच रेंगाळल्या असाव्यात. तोंडात ब्रश तसाच ठेवून मी डोकावलो. मागच्या आवारात, खुराड्यापुढे, इस्त्रीचा बुशकोट घालून साहेब उभे होते आणि एका तपकिरी कोंबडीला समज देत होते. कोंबडी अंगाची पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, एखाद्या फुगलेल्या उशीसारखी बसली होती. तिच्यावर काडीचाही परिणाम झालेला दिसत नव्हता.

"ज्याच्यावर कारवाई करायची, त्याच्याशी अदबीनं बोलावं," हे साहेबांचं तत्त्व आहे. एका तेल कंपनीच्या डेपोत कार्मिक अधिकारी म्हणून त्यांची अख्खी नोकरी गेली. "अरे-तुरे केलं की माणूस युनियनकडे जातो," ते सांगतात. "अहो-जाहो केलं की घरी जाऊन विचार करतो." हे तत्त्व ते सर्वांना सारखं लावतात. गल्लीतल्या कुत्र्यालाही ते "जरा बाजूला होता का?" असं विचारतात. कुत्रा होतो. मला वाटतं, त्या कुत्र्याशी जन्मात दुसरं कुणी असं बोललेलं नसावं.

बजबजमधल्या एका जुन्या घराचे दोन भाग करून मालकानं ते दोन भाडेकरूंना दिलं आहे. एका भागात साहेब, दुसऱ्यात आम्ही. मधे एकच भिंत, मागे एकच आवार. मी बँकेत. ही माझी तिसरी बदली, आणि आता कुठल्याही गावाचं कौतुक करण्याची माझ्यात ताकद उरलेली नाही. पुण्यातले लोक "कलकत्त्याला असता ना?" म्हणून पिवळ्या टॅक्सीबद्दल आणि रसगुल्ल्यांबद्दल विचारतात. मी मान हलवतो. लोकल जिथे संपते तिथे आम्ही राहतो. आमच्याकडे तेलाच्या टाक्या आहेत, तागाच्या गिरण्या आहेत, आणि नदी आहे ती गिरणीच्या भिंतीमागे. अशा ठिकाणी दोन मराठी घरं एका भिंतीला टेकून असावीत याला मी योगायोग म्हणतो. साहेब 'पदस्थापना' म्हणतात.

मला ते 'बँक' म्हणतात. "काय बँक, आज लवकर?" माझी बायको वर्षा ही 'मिसेस बँक'. माणसाला नावानं हाक मारली की जवळीक होते, आणि जवळीक झाली की पुढे बदलीच्या वेळी त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटतं. मी फक्त ते बोलून दाखवत नाही.

साहेब 'हो' म्हणत नाहीत आणि 'नाही'ही म्हणत नाहीत. आम्ही नवीन आलो तेव्हा वर्षानं विचारलं, "साहेब, चहा घेणार?"

"हरकत नसावी."

"साखर किती?"

"प्रचलित प्रमाणात."

वर्षा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "हे असेच आहेत की आज बरं नाहीये?" मी म्हणालो, मला काय विचारतेस, मीही आजच भेटतोय.

ते असेच आहेत. बालीगंजकडच्या मराठी मंडळींनी एका वर्षी गणपतीच्या नैवेद्याचा प्रश्न त्यांच्याकडे सोपवला होता. मोदक उकडीचे की तळणीचे, असा वाद होता. पुण्याकडचे एका बाजूला, विदर्भाकडचे दुसऱ्या बाजूला, आणि बोलाचाली बंद होण्यापर्यंत वेळ आलेली. साहेबांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतलं. पुन्हा ऐकून घेतलं. मग दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं ऐकायला लावलं. विसर्जन झालं तेव्हा प्रश्न विचाराधीन होता. त्या वर्षी गणपतीनं कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातले संदेश खाल्ले, आणि ते चांगले होते हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं. साहेब याला आपल्या कारकिर्दीतला एक चांगला तोडगा मानतात. "निर्णय घेतला असता," ते म्हणतात, "तर आज मंडळं दोन असती."

कोंबड्या मात्र त्यांच्या नव्हेत. त्या शालिनीताईंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या. शालिनीताई माहेरच्या कुडाळकडच्या, आणि नवऱ्याची बदली जिथे होईल तिथे त्यांनी कोंबड्या पाळल्या. साहेबांनी त्याला जन्मभर विरोध केला, पण आपल्या पद्धतीनं. म्हणजे शालिनीताईंना तो विरोध असल्याचं बहुधा कधी कळलंच नाही. एकदाच त्यांनी ठाम पाऊल उचललं. पहाटेच्या आरवण्याबद्दल मालकानं कुरबुर केली, तेव्हा कोंबडा देऊन टाकला गेला. "पद रद्द केलं," साहेब सांगतात. तेव्हापासून या आवारात पाच कोंबड्या आहेत आणि कोंबडा नाही.

शालिनीताई गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात वारल्या. थोडेच दिवस आजारी होत्या. सगळं आटोपून घरी आल्यावर, लोक अजून बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, साहेब उठून मागे गेले आणि खुराड्याचं दार लावून आले. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडे आहे. कोंबड्यांना त्या ज्या आवाजात बोलवायच्या तो आवाज साहेबांना काढता येत नाही, म्हणून ते वाटी वाजवतात. जेवण डब्याचं. एक बाई दुपारी देऊन जाते. वर्षा अधूनमधून थालीपीठ पाठवते, आणि साहेब रिकामं ताट धुऊन, पुसून, "स्वीकृत" म्हणून परत करतात.

मुलगा समीर पुण्याला असतो. कॉम्प्युटरमध्ये आहे, सरळ मुलगा आहे. आईच्या मागे वडिलांनी इथे एकटं राहावं हे त्याला बरं वाटत नव्हतं, आणि त्यात कुणाला चूक काढता येणार नाही. त्यानं घरात एक खोली तयार केली. बापाला सोयीची म्हणून बाथरूम लागून असलेली स्वतःची खोली त्यानं सोडली. साहेबांनी हे "तत्त्वतः मान्य" केलं. उन्हाळ्यात निघायचं ठरलं. कोंबड्यांचं काय, हा प्रश्न होता. तो शेफालीदींनी सोडवला.

शेफालीदी म्हणजे गल्लीच्या टोकाला, पुकुराच्या, म्हणजे तळ्याच्या काठावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत, बदकं आहेत, एक तिरळा बोका आहे, आणि सर्वांना शिस्त आहे. पाचही कोंबड्या घ्यायला त्या तयार झाल्या. तिकीट काढलं गेलं. आणि त्याच आठवड्यात ही तपकिरी कोंबडी खुडूक बसली.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही माहीत नव्हतं. कोंबडीला कधीकधी अंडी उबवायची लहर येते. मग ती अंडी देणं बंद करते आणि घरट्यात बसून राहते. खाली अंडी असोत, नसोत, त्यांतून पिल्लं निघण्यासारखी असोत, नसोत, तिला फरक पडत नाही. दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपते, घाईघाईनं पाणी पिते, आणि पुन्हा जाऊन बसते. हात लावला तर टोचते. आठवडेच्या आठवडे हे चालतं आणि ती वाळत जाते. कोंबडा नसलेल्या घरात याला काही अर्थ नाही, पण हे तिला कोण सांगणार?

साहेब सांगत होते. रोज.

शेफालीदी बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी कोंबडीकडे बघितलं, कोंबडीनं त्यांच्याकडे बघितलं. मी म्हणेन, बरोबरीत सुटलं. मग त्या हिंदीत म्हणाल्या, "इसको मैं नहीं लेगा, नेरुरकरबाबू. एक बैठेगा तो देखके मेरा सब मुर्गी बैठ जाएगा."

"बाकीच्या चार?" मी विचारलं.

"लेगा तो पाँचों एक साथ लेगा. इसको पहले उठाइए."

साहेबांनी मान डोलावली. "म्हणणं योग्य आहे," ते मला मराठीत म्हणाले. "संसर्गजन्य बेशिस्त."

म्हणजे प्रकरण असं होतं. कोंबडी उठेपर्यंत कोंबड्या जाणार नाहीत, आणि कोंबड्या जाईपर्यंत साहेब जाणार नाहीत. समीरचं पुण्यातलं सगळं नियोजन एका कोंबडीच्या बुडाखाली अडकून पडलं होतं.

साहेबांनी कारवाई सुरू केली. मला पंच म्हणून बोलावलं. मी म्हणालो, मला बँकेत जायचंय. ते म्हणाले, "पंचाला फक्त उभं राहायचं असतं." मी उभा राहिलो.

आधी तोंडी समज झाली. ती मी वर सांगितलीच. मग उचलबांगडी. साहेब तिला दोन्ही हातांनी उचलून केळीखाली नेऊन ठेवत, ती अंग झाडून, घशातून भांडखोर आवाज काढत, चालत परत येई. धावतही नसे. साहेब पुन्हा उचलत. एखाद्या सकाळी हे इतक्या वेळा चाले की शेवटी दोघंही दमत आणि कोंबडी जिंके. मग घरट्याचं तोंड फळकुटानं बंद करून झालं. ती फळकुटासमोर बसली. मग घरट्यातलं गवतच काढून टाकलं. ती लाकडावर बसली. डालग्याखाली कोंडून झालं. ती डालग्याखाली बसली.

"चिवट आहेत बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एका मुरलेल्या माणसानं दुसऱ्याला दिलेली दाद होती ती.

मग पाण्याचा प्रयोग झाला. खुडूक कोंबडीच्या पोटाला उष्णता चढलेली असते, ती उतरवली की डोक्यातलं खूळ उतरतं, असं साहेबांना डेपोतल्या कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. बादली भरली. साहेबांनी बुशकोटाच्या बाह्या दुमडल्या. मला कोंबडी धरायला सांगितली.

"मी पंच आहे," मी म्हणालो.

"पंचाला प्रसंगी अतिरिक्त कार्यभार घ्यावा लागतो."

कोंबडीला पोटापर्यंत पाण्यात बुडवलं. ज्येष्ठातला कलकत्त्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना कळेल. त्या आवारातल्या तिघांपैकी समाधानी फक्त ती होती. डोळे मिटून, पिसं पसरून ती पाण्यात स्वस्थ बसली. बादलीतसुद्धा ती बसलीच. बाहेर काढल्यावर तिनं माझ्या शर्टावर अंग झाडलं आणि टपटप पाणी गाळत घरट्याकडे गेली. मी शर्ट बदलून उशिरा बँकेत पोचलो.

तिकीट पुढे ढकललं गेलं. मग आणखी एकदा.

एका रविवारी समीरचा मला फोन आला. "काका, तुम्हाला त्रास देतोय. पण बाबा म्हणतात, कोंबडीचं प्रकरण प्रक्रियेत आहे. म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे ती बसली आहे."

"अजून?"

"अजून."

तो म्हणाला, "काका, मी ऑफिसात काय सांगू? दोनदा रजा काढली मी त्यांना आणायला. तिसऱ्यांदा कोंबडी सांगितली तर लोक हसतील." त्याच्या आवाजात राग नव्हता. दमणूक होती, आणि ती मला ओळखीची होती. मी म्हणालो, बघतो.

मी खरंच बघितलं. हे प्रकरण संपावं असं मला मनापासून वाटत होतं. साहेबांचा मला कंटाळा आला होता असं नाही, पण रोज सकाळी पंच म्हणून उभं राहण्याचा आला होता. मी चार ठिकाणी वाचलं. सगळीकडे एकच उपाय होता: जाळीच्या तळाचा पिंजरा. खालून वारा खेळतो, पोट गार राहतं, बसायला ऊब मिळत नाही. थोड्याच दिवसांत कोंबडी नाद सोडते. माळ्यावर खिडकीची एक जुनी जाळी पडली होती. मी ती विटांवर ठेवली, वर खोक्याच्या फळ्यांचं कुंपण केलं, आत दाणापाण्याच्या वाट्या बांधल्या. साहेबांनी फिरून फिरून पाहणी केली.

"निलंबन," ते म्हणाले. "पण निर्वाह भत्त्यासह. चांगली योजना आहे, बँक."

आठवडा गेला. मी रोज सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर पिंजऱ्यात डोकावत होतो. कोंबडी आत असायची. दाणे खाल्लेले असायचे. आणि दार उघडलं की ती सरळ घरट्याकडे चालू लागायची, पहिल्या दिवसाच्याच निष्ठेनं. पुस्तकात लिहिलेलं इथे लागू पडत नाही, हा अनुभव मला नोकरीत पुष्कळदा आला आहे. पण कोंबडीनं तरी वाचल्याप्रमाणे वागावं अशी माझी अपेक्षा होती.

"अपवादात्मक प्रकरण," साहेब म्हणाले.

मग वास सुरू झाला. बजबजमध्ये वासाचं काही वाटून घेऊन चालत नाही. टाक्यांचा असतो, तागाचा असतो, ओहोटीला नदीचा असतो. पण हा वेगळा होता. बँकेला सुट्टी होती. मी पडून होतो. दुपारी वर्षा येऊन म्हणाली, "मागे काहीतरी मेलंय. उंदीर असेल. जाऊन बघ."

"संध्याकाळी बघतो."

"संध्याकाळपर्यंत आपण मरू."

मी चप्पल घालून मागच्या दारानं गेलो. उन्हानं आवार पांढरं झालं होतं. चार कोंबड्या केळीखाली चोची उघड्या टाकून पडल्या होत्या. पिंजरा रिकामा होता. दार व्यवस्थित उघडून, मागे टेकवून ठेवलेलं होतं.

खुराड्यापाशी पत्र्याच्या सावलीत साहेब एका बुटक्या वेताच्या मोड्यावर बसले होते. अंगात बनियन. बनियनमध्ये मी त्यांना प्रथमच पाहत होतो. खांदे माझ्या समजुतीपेक्षा बरेच लहान होते. समोर घरट्यात नवीन गवत होतं, गवतावर तपकिरी कोंबडी होती, आणि साहेबांचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत कोंबडीच्या पोटाखाली होता. ती टोचत नव्हती. बाजूला केळीच्या पानावर एक फुटलेलं अंडं होतं. वासाचा उगम कळला.

साहेब तिला सांगत होते, "समीरनं गॅलरीला जाळी बसवून घेतली आहे. कबुतरांसाठी. कबुतरं फार झाली आहेत म्हणतो." मग थोडं थांबून, "आज डब्यात पुन्हा ते खसखशीचं पोस्तो होतं."

मी परत फिरलो असतो. पण माझ्या चपलेखाली काटकी मोडली. साहेबांनी मान वळवली. हात काढला नाही.

"या, बँक," ते म्हणाले. "आज सुट्टी आहे, हे माझ्या लक्षात राहिलं नाही."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर उकिडवा बसलो. मी म्हणालो, "अंडं नासलं वाटतं."

"उन्हाळ्यात लवकर नासतात. बदलायला हवं होतं." त्यांनी दुसरीकडे बघितलं. "बाकीच्यांची तीन-चार ठेवतो. रिकाम्या जागी बसवणं बरं नाही."

साहेबांकडून वर्षाला अधूनमधून येणारी अंडी हल्ली का थांबली होती ते आत्ता माझ्या लक्षात आलं. साहेबांनी सांगितलं होतं, उन्हामुळे उत्पादन घटलं आहे.

"सकाळी आपण तिला पिंजऱ्यात घालतो," मी म्हणालो, "आणि मी गेलो की तुम्ही काढता."

"आणि तुम्ही यायच्या आधी परत घालतो." त्यांनी हे न लपवता सांगितलं. "तुमची योजना चांगली आहे. ती लागू पडली असती. दुसऱ्याच दिवशी बाई जरा ढिल्या पडल्या होत्या. मी घाबरलो."

कोंबडीनं डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

"हात घालून बघा," साहेब म्हणाले. "या बाजूनं. हळू."

मला घालायचा नव्हता. मी घातला. पिसांच्या आत कातडीला कातडी लागावी इतकं जवळ तिचं पोट होतं, पिसं झडून उघडं झालेलं, आणि ते तापलेल्या माणसाच्या कपाळासारखं गरम होतं. आत कुठेतरी काहीतरी भरभर चालू होतं. एवढ्या उकाड्यात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असताना, मला ती ऊब नकोशी वाटायला हवी होती. वाटली नाही.

"घरात गरम काही नसतं," साहेब म्हणाले. "डबासुद्धा गार येतो."

मग ते म्हणाले, "समीर चांगला आहे. सून चांगली आहे. तिथे गैरसोय काहीच नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. गैरसोय सापडली असती तर बरं झालं असतं."

"मग त्याला सांगा ना, यायचं नाही म्हणून."

"कारण विचारेल."

"हेच सांगा."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कंपनीच्या सभेत पायातली वहाण काढून दाखवली होती.

संध्याकाळी मी वर्षाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. थोडा वेळ लाटत राहिली. मग म्हणाली, "आणि तू रोज त्यांच्याबरोबर उभा राहून तिला उठवत होतास."

"मला काय माहीत?"

"तेच म्हणतेय." पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "शेफालीदींकडे कोंबडा आहे ना?"

मी शेफालीदींकडे गेलो. पिल्लं निघण्यासारखी अंडी हवीत म्हटल्यावर त्यांनी मला आधी चष्म्यावरून पाहिलं. "किसके लिए?" मी सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. टोपलीतून एकेक अंडं उचलून, उजेडाकडे धरून, काही परत ठेवून, काही निवडून त्यांनी भुसा घातलेल्या डब्यात भरून दिली. "इतना दिन बाद समझा," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते बुशकोटात होते.

"हे काय?"

"अंडी. शेफालीदींकडची. बसायचंच आहे तर नीट बसू दे तिला."

त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. "यांतून पिल्लं निघतील."

"तसाच उद्देश आहे."

"तीन आठवडे उबवण्यात जातील. मग पिल्लं. ती आईमागे फिरणार. घारी आहेत, शेफालीबाईंचा बोका आहे. ती जरा मोठी होईपर्यंत दुर्गापूजा येईल." ते बोलत होते आणि हिशेब करता करता त्यांचा आवाज खाली येत होता. "पूजेपर्यंत कुणालातरी इथे राहावं लागेल."

"लागेल."

"समीरला तुम्ही सांगाल का?"

"मी नाही," मी म्हणालो. "मी पंच आहे."

ते हसले नाहीत. खिडकीशी जाऊन त्यांनी फोन लावला. मी उठून जाऊ लागलो, तर त्यांनी हातानं बसा अशी खूण केली.

"समीर," ते म्हणाले. "मला तिकडे यायचं नाही."

पलीकडचं बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. "नाही, कोंबडीचं नाही," ते म्हणाले. "कोंबडी ठीक आहे. तुझं काही चुकलं नाही. सूनबाईचंही नाही. मला इथे राहावंसं वाटतं." पुन्हा पलीकडचं बोलणं. मग, "हो. जेवतो. हो, चालतो संध्याकाळी. हो." शेवटी समीर काहीतरी म्हणाला, त्यावर साहेब "ये," एवढंच म्हणाले.

हे बरोबर झालं की नाही, मला माहीत नाही. माणूस सत्तरीच्या पुढचा, एकटा, दुसऱ्याच्या गावात. उद्या पडला-झडला तर समीर मला विचारेल, आणि तेव्हा माझी कुठे बदली झालेली असेल कुणास ठाऊक.

आम्ही मागे गेलो. साहेब मोड्यावर बसले. मी कोंबडीला जरा वर उचलून धरलं, तिनं माझ्या अंगठ्याचा चावा घेतला, आणि साहेबांनी खालची जुनी अंडी काढून नवीन एकेक करून ठेवली. शेवटचं जरा बाजूला घरंगळलं. मी कोंबडी खाली सोडली. तिनं ते अंडं पाहिलं, मान लांब केली, चोचीच्या खालच्या बाजूनं ते ओढत ओढत पोटाखाली घेतलं, मग दोन्ही बाजूंना झुलून नीट बसली. साहेबांचा हात अजून गवतातच होता. तो हळूच आत सरकवायला ते गेले, तर तिनं टोचलं. चांगलं जोरात, रक्त येईल असं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आता काम आहे त्यांना."

त्यांनी हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा जरा वेळ समोर तसाच धरला. मग उठायला बघू लागले. मोडा बुटका होता, गुडघे ऐकत नव्हते. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, कसेबसे उभे राहिले, आणि पूर्ण उभे राहिल्यावरही तो लगेच सोडला नाही. माझी लोकल चुकत होती. त्या दिवशी मला शहरात मीटिंग होती. मी हात तसाच राहू दिला.